अर्धा ठेवलेला चहा

तात्यांनी आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाही, असं आमच्या घरात मोठ्या अभिमानानं सांगितलं जाई. मला त्यात अभिमानापेक्षा अडचणच जास्त दिसायची. मेंढरं राखणाऱ्या माणसाचं मागितल्याशिवाय चालतं कसं? चारा दुसऱ्याचा, पाणी दुसऱ्याचं, तळ टाकायला रान दुसऱ्याचं. तरीही ते खरं होतं. दिवाळी झाली की तात्या आणि आई दीडेकशे मेंढरं, दोन घोड्या आणि तीन कुत्री घेऊन शेळगावातून पश्चिमेला निघत. बारामतीवरून कालव्याच्या कडेकडेनं सोमेश्वरनगरच्या अंगाला आणि तिथून पुढे घाट उतरून कोकणात. वाटेत उसाच्या लागणीसाठी मोकळी करून ठेवलेली रानं लागत. अशा रानात दोन-तीन रात्री मेंढरं बसवली की जमिनीला जे खत मिळतं, ते पोत्यातल्या खतानं मिळत नाही. त्याच्या बदल्यात शेतकरी ज्वारी देई, गूळ देई, चहा-साखर देई. पण "मेंढरं बसवू का?" असं तात्या कधीही विचारत नसत. ते नुसते बांधावर जाऊन उभे राहात. शेतकरी आला की रामराम होई, पावसाचं बोलणं होई, कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या मुलीचं जमलं, हे सगळं होई. मग शेतकरीच म्हणे, "तात्या, आमच्यातबी दोन रात्री बसवा की." त्यावर तात्या आभाळाकडे बघून "बघू" म्हणत. हा "बघू" म्हणजे होकार, हे दोघांनाही ठाऊक असे.

शेळगावातलं आमचं घर दोन खोल्यांचं होतं आणि त्याला घरापेक्षा मोठी अशी एक लांबलचक पडवी होती. पावसाळ्याचे चार महिने मेंढरं गावात असत. तेव्हा ती पडवी कोकरांची असे. कोवळी कोकरं बांबूच्या डालग्याखाली झाकलेली असत, थोडी मोठी झालेली आमच्या अंथरुणावर. दिवस मावळायच्या सुमाराला कळप माळावरून परत येई. घराच्या अलीकडे शंभर पावलांवर मेंढ्या ओरडायला लागत, इकडून कोकरं ओरडायला लागत, आणि प्रत्येकीला आपलं आणि प्रत्येकाला आपली सापडेपर्यंत घरात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नसे. मी त्या गलक्यात बीजगणित केलेलं आहे. आजही एखाद्या बैठकीत सगळे एकदम बोलायला लागले की माझं डोकं उलट शांत होतं, याचं कारण तेच असावं. खाणं म्हणजे बाजरीची भाकरी, लसणाची चटणी आणि थंडी असली की हुलग्याचं माडगं. आई ते गूळ घालून, जाड, चमचा उभा राहील असं करायची. चहा मेंढीच्या दुधाचा. त्याला एक वास असतो. बारामतीला वसतिगृहात गेल्यावर मी पहिल्यांदा म्हशीच्या दुधाचा चहा प्यालो आणि सुट्टीत घरी आल्यावर आईला म्हणालो, "मला कोरा दे." आईनं कोरा दिला. पुढे मी मागेपर्यंत तिनं मला दुधाचा चहा दिला नाही, आणि मी तो मागायला बरीच वर्षं घेतली.

मागच्या महिन्यात इंदापूरच्या एका महाविद्यालयानं मला व्याख्यानाला बोलावलं होतं. विषय त्यांनीच ठरवला होता: नोकरी शोधताना स्वतःला कसं मांडावं आणि ओळखी कशा वाढवाव्यात. मी पशुखाद्याच्या कंपनीतून गुणवत्ता विभागाचा प्रमुख म्हणून निवृत्त झालो, तेव्हा मला हे येत असणार असं त्यांनी धरलं. पाऊण तास बोललो. लाजू नका, स्पष्ट बोला, ओळखीच्या माणसाला आपल्याला काय हवंय ते कळू द्या, असं सगळं सांगितलं. मुलं-मुली लिहून घेत होती. माझी मुलगीही हेच करते. ती मोबाईलवर अनोळखी माणसांना ओळख करून घेण्याच्या विनंत्या पाठवते आणि तिला त्यात काही वाटत नाही. वाटूही नये. पण व्याख्यानात जे सांगितलं नाही ते इथे लिहितो आहे, कारण ते पाऊण तासात बसलं नसतं आणि ऐकून कुणाचा फायदाही झाला नसता.

मी रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झालो. घराण्यात पहिलाच. त्यानंतर दोन वर्षं मी नुसता अर्ज करत होतो. आठवड्यातून एकदा इंदापूरला जायचं, टायपिंगच्या क्लासमध्ये अर्ज टाईप करून घ्यायचा, पोस्टात टाकायचा. उत्तरं फारशी येत नसत. आमच्या गावातून नोकरीला लागलेले जे दोन-चार होते, ते सगळे कुणाच्या तरी चिठ्ठीनं लागले होते. कुणाचा मामा कारखान्यात होता, कुणाच्या चुलत्याचं सोसायटीत वजन होतं. आमच्या सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांत वजन म्हणावं असं फक्त मेंढ्यांना होतं. कॉलेजातले आमचे एक देशमाने सर मला जीव लावत. ते म्हणाले, "तुझ्याकडं चिठ्ठी नाही ना, मग तूच चिठ्ठी हो. दोन मिनिटांत स्वतःबद्दल सगळं सांगता आलं पाहिजे. पाठ कर. संधी मिळाली की न अडखळता बोल." त्यांनी मला ते कागदावर लिहूनही दिलं. मी पाठ केलं. माळावर मेंढरांमागे असताना मी एका दगडावर उभा राहून म्हणायचो: "माझं नाव दत्तात्रय. मी रसायनशास्त्राचा पदवीधर असून प्रयोगशाळेतील पृथक्करणाच्या सर्व पद्धती मला अवगत आहेत. मी कष्टाळू, प्रामाणिक आणि वेळेचा पक्का आहे." मेंढ्या चरत असत. एकदा आई भाकरी घेऊन मागून आली आणि तिनं ते ऐकलं. म्हणाली, "कुणाला सांगतुयास रं?" मी म्हटलं, "कुणाला न्हाय. सराव करतोय." ती म्हणाली, "मग वाईच हळू बोल. गाभण्या हायत्या."

त्या वर्षी तात्यांचा उजवा गुडघा गेला. गेला म्हणजे सुजला आणि सूज उतरेना. बिबा घातला, तेल चोळलं, बारामतीच्या डॉक्टरनं पट्टा दिला. डॉक्टरनं चालणं कमी करा म्हणून सांगितलं, तेव्हा तात्या हसले होते. हिशेब घरात सगळ्यांना कळत होता. दिवाळीनंतर कळप पश्चिमेला जायचाच होता. तात्यांना चालता येणार नसेल तर मला जावं लागणार होतं, आणि एकदा मी गेलो की माझे अर्ज, माझी पदवी, ते दोन मिनिटांचं भाषण, सगळं माळावरच राहणार होतं. दिवाळीपर्यंत नोकरी लागली तर तेवढ्या पगारावर एक माणूस कळपामागे ठेवता येईल आणि तात्या घरी बसतील, असं मी मनाशी मांडलं होतं. मला मेंढरांची घृणा नव्हती. तसं कुणी समजू नये. पण मला ते जगणं नको होतं, आणि तेव्हा मला ते इतकं नको होतं की कळपाचा वास अंगाला येऊ नये म्हणून मी दिवसातून दोनदा अंघोळ करत असे.

एक दिवस लोकर कातता कातता तात्या म्हणाले, "उद्या सदरा धुऊन ठीव. आपल्या वळखीच्या लोकांकडं जाऊन येऊ." मी चमकलो. तात्यांच्या ओळखी मला कधी ओळखी वाटल्याच नव्हत्या. पण विचार केला तर बारामतीपासून सोमेश्वरनगरच्या पुढपर्यंत कालव्याच्या दोन्ही अंगांना अशी पन्नास घरं होती, जिथं तात्यांना नावानं ओळखत होते. बागायतदार माणसं. कुणी कारखान्याचे सभासद, कुणी दूध संघात, कुणाचा मुलगा साहेब. मी दोन वर्षं पोस्टात तिकिटं चिकटवत होतो आणि असला माणूस माझ्या घरात लोकर कातत बसला होता. आईनं लगेच हुलगे पाखडायला घेतले. कुणाच्या घरी रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून शेर-शेराच्या पुरचुंड्या बांधायला लागली. तात्यांनी तिला थांबवलं. म्हणाले, "हातात कायतरी आसलं की मागाया आलोय आसं दिसतं."

मला तेव्हाच समजायला हवं होतं.

आम्ही तीन दिवस हिंडलो. एसटीनं जायचं, फाट्यावर उतरायचं आणि मळ्यात चालत जायचं. तात्या पट्टा बांधून, काठी टेकत. सगळीकडे आमचं स्वागत चांगलं झालं. बाज टाकली जाई, चहा येई, काही ठिकाणी जेवणही. तात्या टोपी काढून मांडीवर ठेवत आणि बोलायला लागत. पाऊस कुठं किती झाला. कालव्याचं पाणी. उसाला लागलेली खोडकीड. मेंढरांच्या खुरांना यंदा काय झालंय. वारलेल्या माणसांची नावं. मग सगळ्यात शेवटी, उठायच्या जरा आधी, ते माझ्याकडे मान वळवत आणि म्हणत, "ह्यो आमचा थोरला. बारामतीला शिकला." एवढंच. घरमालक म्हणे, "बरं झालं." कुणी म्हणे, "शिकला ते ब्येस केलं, आता काय राहिलंय मेंढरांत." आणि तात्या "व्हय" म्हणून टोपी डोक्यावर घालत. माझी दोन मिनिटं माझ्या घशातच. पहिल्या दिवशी मला वाटलं, तात्या विसरले. दुसऱ्या दिवशी मी रस्त्यात म्हणालो, "तात्या, पुढं सांगा की त्यास्नी. नोकरी बघतोय म्हणून." ते थांबले. काठीवर दोन्ही हात ठेवून माझ्याकडे अगदी शांतपणे बघत म्हणाले, "सांगितलं की. शिकलेलं पोरगं बापाच्या मागं मागं हिंडतंय, त्यास्नी दिसत न्हाय व्हय? ज्याला गरज आसंल त्यो बोलावंल." मी म्हणालो, "गरज आपल्याला हाय." ते म्हणाले, "म्हनून तर."

आता मी या उत्तरावर हसू शकतो. तेव्हा मला त्यांचा राग आला. खरं सांगायचं तर राग आला हे कमीच झालं, मला त्यांची लाज वाटली. अठरा-एकोणीस घरी चहा पिऊन झाला होता. एकही माणूस मला काम देणार नव्हता आणि माझ्या मते त्याचं कारण हेच होतं की मला काम हवंय हे एकालाही कळलेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी शेवटचं घर गुलाबरावांचं. सोमेश्वरनगरच्या अलीकडे कालव्याला लागून त्यांचा मळा होता. तात्यांच्या वयाचे, अंगानं दुप्पट, बोलायला मोकळे. तात्यांचा कळप वीसेक वर्षं त्यांच्या रानात बसत आला होता आणि दर वर्षी तेच बोलावणं धाडत. ओट्यावर आम्हाला बसवून त्यांनी सुनेला चहा सांगितला आणि गप्पा सुरू झाल्या. चहा आला. बशीत ओतून तात्यांनी पहिला घोट घेतला. गुलाबराव बोलता बोलता म्हणाले, "आमचा मेव्हणा आता बारामतीच्या एमआयडीसीत हाय. पशुखाद्याची कंपनी निघालीया नवी, तितं मॅनेजर. प्रयोगशाळेत माणसं घ्यायची हायती म्हनं त्यास्नी, शिकल्याली मिळंनात." मी तात्यांकडे बघितलं. तात्या म्हणाले, "मिळंनात व्हय." आणि बशी खाली ठेवत त्यांनी पुन्हा विचारलं, "इहिरीचं पाणी कसं हाय यंदा?"

मी उभा राहिलो. ओट्यावर, चहाचा कप हातात घेऊन उभा राहिलो आणि बोलायला लागलो. "माझं नाव दत्तात्रय. मी रसायनशास्त्राचा पदवीधर असून प्रयोगशाळेतील पृथक्करणाच्या सर्व पद्धती मला अवगत आहेत." पुढचं सगळं. कष्टाळू, प्रामाणिक, वेळेचा पक्का. न अडखळता. देशमाने सरांना आनंद झाला असता. आणि त्यात त्यांनी न लिहून दिलेलं एक वाक्य मी शेवटी जोडलं: "आबा, मला तिथं लावा. दिवाळीच्या आत लावा, न्हायतर मला मेंढरांमागं जावं लागंल." दारात गुलाबरावांची सून उभी होती, ती आत गेली. गुलाबराव माझ्याकडे बघत राहिले, मग तात्यांकडे. म्हणाले, "आरं, मग तात्या, आधीच बोलायचं न्हाय का? तीन वेळा इहिरीचं पाणी इचारलंस."  गुलाबराव मला म्हणाले, "सोमवारी जा. मुलाखती हायत्या. माझं नाव सांग." मी वाकून पाया पडलो. खाली बसताना चहा सदऱ्यावर सांडला. तात्यांनी टोपी घातली आणि ते उठले. त्यांच्या बशीत अर्धा चहा तसाच होता. तात्यांनी कुणाच्या घरचा चहा टाकलेला मी तोवर पाहिला नव्हता.

आम्ही चालत फाट्यावर आलो. एसटी यायला वेळ होता. उसाच्या वाळल्या पानांचा आवाज चालला होता आणि तात्या एका मैलाच्या दगडावर पाय लांब करून बसले होते. मला वाटलं, रागावतील. मी उत्तरं तयार ठेवली होती. पण ते नुसतं एवढंच म्हणाले, "वीस वर्सं झाली. त्या घरात मी ताठ मानेनं बसायचो." आणि गुडघा चोळायला लागले. मी म्हणालो, "तात्या, नोकरी लागली तर तुमच्या गुडघ्याला इसावा मिळंल." त्यांनी मान हलवली. ती कशाला हलवली ते मला कळलं नाही.

सोमवारी मी गेलो. मॅनेजर गुलाबरावांसारखे मुळीच नव्हते, बारीक, चष्म्याचे, कमी बोलणारे. मी आत गेल्या गेल्या सांगितलं, "मला गुलाबरावांनी पाठवलंय." ते "बरं" म्हणाले आणि अर्जावरून नजर वर केली नाही. मी पाठ केलेलं म्हणायला सुरुवात केली तर त्यांनी हात वर करून थांबवलं. टेबलावर तीन ताटल्या होत्या. तिन्हींत शेंगदाण्याची पेंड. "यात फरक काय आहे, सांगा." पृथक्करणाच्या ज्या सर्व पद्धती मला अवगत होत्या, त्यांतली एकही तिथं करून बघता येत नव्हती. मग मी लहानपणापासून करत आलो होतो तेच केलं. तुकडा मोडला, हुंगला, जिभेला लावला. तिसऱ्या ताटलीपाशी थांबलो. म्हणालो, "ह्याला ओल लागून गेलीया. वरून दिसत न्हाय, पण आत बुरशी हाय. गाभण जनावराला घालू नका. एका वर्षी आमी घातली तर सात मेंढ्या गाभडल्या व्हत्या." बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी घरच्या भाषेत बोललो होतो. मॅनेजरनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "मेंढरं आहेत तुमची?" "व्हय." माझ्या अर्जात वडिलांचा व्यवसाय या शब्दांपुढे मी 'शेती' लिहिलं होतं. त्यांनी ते खोडलं नाही. त्याच्याखाली पेन्सिलीनं एक रेघ ओढली आणि एक तारखेला कामावर यायला सांगितलं.

दिवाळीच्या आधी नोकरी लागली, पण तात्या घरी बसले नाहीत. माणूस ठेवा म्हणून मी पहिला पगार आणून आईच्या हातात दिला, तर तात्या म्हणाले, "यंदा मीच जातो. गुडघा बरा हाय." गुडघा बरा नव्हता. पुढच्या वर्षीही तेच, त्याच्या पुढच्याही. एक गडी बरोबर असे, पण तात्या आणि आई जातच राहिले. मला वाटायचं, हा हट्ट आहे, माझ्या पगाराचं खायचं नाही म्हणून. एकदा मी तसं बोललोही. मी बारामतीत बिऱ्हाड केलं, लग्न झालं, मुलगी झाली. बारा वर्षांनी त्यांनी कळप विकला आणि मग ते खरंच घरी बसले. त्यानंतर चार वर्षांनी गेले. शेवटपर्यंत त्यांनी माझ्या नोकरीबद्दल मला एक प्रश्न विचारला नाही, आणि मीही त्या ओट्याबद्दल कधी बोललो नाही.

दहाव्याला गुलाबराव आले होते. म्हातारे झाले होते, नातवाच्या गाडीतून आले. सगळे पांगल्यावर ते पडवीत माझ्याजवळ बसले. पडवी रिकामी होती, डालगी एकात एक घालून कोपऱ्यात ठेवलेली होती. ते म्हणाले, "तुझ्या बापानं मला लई तरास दिला." मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. माझी नोकरी लागली त्या वर्षापासून तात्या त्यांच्या रानात न बोलावता येऊन तळ टाकत. तीन रात्री. आणि निघताना ज्वारी नाही, गूळ नाही, काही घेत नसत. गुलाबरावांनी गड्याबरोबर पुढच्या मुक्कामाला पोतं धाडलं तर तात्यांनी घोडीवर घालून ते परत आणून टाकलं. "एका वर्सी मी मुद्दाम आदीच लागण करून टाकली. रान मोकळं ठीवलंच न्हाय. म्हटलं, आता काय करतोय बघू. तर ह्यो कालव्याकडच्या पडक पट्टीत बसला. कळप घेऊन, त्या तेवढ्याशा पट्टीत. बारा वर्सं, दत्तू. माझ्या त्या रानाला अजून खत घालावं लागत न्हाय."

मी म्हणालो, "तुमी उपकार केले होते आबा. त्यांना तसंच वाटणार."

गुलाबरावांनी कोपऱ्यातल्या डालग्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "त्येच तर सांगाया आलोय. मी कायबी केलं न्हवतं. माझं आन् मेव्हण्याचं तवा बोलणं न्हवतं. थोरल्या लेकीच्या लग्नात मानपानावरनं बिनसलं व्हतं. तुला नाव सांग म्हणालो खरं, पण चिठ्ठी न्हाय, निरोप न्हाय, काय न्हाय. माझ्या नावानं उलट तुझं काम नासलं आसतं. तू तुझा लागलास."

मला मॅनेजरांचं ते "बरं" आठवलं. मी म्हणालो, "मग हे तात्यांना सांगायचं की तुमी."

"सांगितलं. पयल्याच वर्सी, रानात उभा राहून सांगितलं. म्हटलं तात्या, मी कायबी केलेलं न्हाय, तू ही मेंढरं उठीव. तर म्हणाला, केलं न्हाय त्ये खरं, पण आमी मागितलं तर व्हतं."

गुलाबराव गेल्यावर मी आईला विचारलं, तुला हे ठाऊक होतं का. ती चुलीपुढे बसली होती. "व्हय," ती म्हणाली. "तितं भाकरी मीच थापत व्हते." मग मला सांगितलं का नाहीस, असं मी म्हणालो, तर ती म्हणाली, "तू इचारलं न्हाईस." मी चूल बघत बसलो. मग तिच्याकडे चहा मागितला, दुधाचा. मेंढरं नव्हती, त्यामुळे तो म्हशीच्या दुधाचा होता, सगळीकडे मिळतो तसाच.

तोवर प्रयोगशाळा माझ्या हाताखाली आली होती. माणसं घेणं माझ्या शब्दावर होतं आणि हे आमच्या बाजूच्या लोकांना माहीत होतं. सुप्याकडून, शेळगावाकडून, कुठून कुठून म्हातारी माणसं माझ्या ऑफिसात येत. मुलाला बरोबर घेऊन, रिकाम्या हातानं. टोपी मांडीवर ठेवून बसत. पाऊस, पेंडीचा भाव, मेंढरांची खुरं. मी घड्याळाकडे बघत हो-हो म्हणे, चहा सांगे, आणि चहा पिऊन झाला की ते "आमचा थोरला, शिकलाय" म्हणून उठत. मी "बरं झालं" म्हणे. काम हवं असेल तर तोंडानं बोलतील, असा माझा हिशेब होता. मी स्वतः बोललो होतो, म्हणून मला नोकरी लागली होती, असं मी सोळा वर्षं धरून चाललो होतो.

दहावा झाल्यावर मी कामावर परत गेलो. त्या आठवड्यात असाच एक म्हातारा आला, लासुर्ण्याच्या बाजूचा. टोपी काढली आणि त्यानं विहिरीच्या पाण्याचा विषय काढला. चहा यायच्या आत मी त्याच्या मुलाला विचारलं, "अर्ज आणलाय का?" त्यानं सदऱ्याच्या आतून घडी घातलेला कागद काढला. म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मग चहा आला तो सगळा प्याला, बशी पुसून.

पुढे निवृत्त होईपर्यंत मी सगळ्यांना आधीच विचारत आलो. त्याच्याआधी किती जण येऊन चहा पिऊन गेले, ते मला आठवत नाही. मी मोजले नव्हते. त्यांच्यापैकी कुणाची बशी अर्धी राहिली होती का, हेही मी पाहिलं नव्हतं.